रोबोला 'काहून' कळत नाही

मंगळवार, संध्याकाळ

मायचं विसरणं वाढलं म्हणून भावानं पुण्याहून बोलका रोबो पाठवलाय. माय त्याला शिरड गावच्या म्हशीचं सांगते. आजही विचारलं, "म्हैस काहून आटली, मालूम हाय का?" त्याला 'काहून' म्हणजे 'का' हे कळत नाही. म्हणाला, "मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा." मायनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चार वेळा हेच.

वैतागून भावाला फोन लावला, याला आपली बोली शिकव म्हणून. तेवढ्यात माय म्हणाली, "लई गुणाचं लेकरू हाय. पुन्हा सांगा म्हनतं."

मी काय म्हणते तिला? "सांगितलंस की मघाशी."

भाऊ विचारत होता, काय शिकवायचं? म्हटलं, काही नाही, बराबर चाललंय.