सुकन्येला नावाने हाक मारावी

मी, नामाजी ग्यानबा गडदे, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती व मेंढरे, राहणार शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. गुडघे गेले, डोके जाग्यावर आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. शेत, मेंढरे व लोकर कातरायच्या कात्र्या मुलगा रामप्रसाद याला.

२. घराची रस्त्याकडची खोली व अंगण मुलगी सुकन्या हिला. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. कोर्टाला कळावे म्हणून हे एकदाच लिहिले. औंढ्याच्या अर्जनवीसाने "मुकी मुलगी" लिहिले होते, तो कागद मी फाडला. "काका, सगळे असंच लिहितात," म्हणाला. लिहीत असतील.

३. रामप्रसादच्या लग्नात सुकन्येने स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी नवरीला आहेर केली. आहेर पुकारणारा नरसिंग माईकवर ओरडला, "नामाजीच्या मुकीकडून घोंगडी!" मांडव हसला. सगळे हसतात हे पाहून माझी पोरगीही हसली आणि तिने हात जोडले. नरसिंगला माझ्या तेराव्याला पोटभर जेवू घालावे, माईक मात्र देऊ नये.

४. सुकन्येला नावाने हाक मारली तरच शेत, अशी अट घालणार होतो. वकील म्हणाले, ही अट कोर्टात टिकणार नाही, रोज कोण पाहायला जाणार? रामप्रसाद म्हणाला, "आबा, तिला कुठं ऐकू येऊन राहिलं? काहून तकलीफ करून घेता?" पोरगा वाईट नाही. तिला जेवू घालील, दवाखान्यात नेईल. पण ती हाक मारणाऱ्याचे तोंड पाहते, हे त्याला कसे समजावू? नात आरोही नुकती बोलायला लागली, तीही मुकीच म्हणते. लेकराने घरात दुसरे काही ऐकलेच नाही. म्हणून अट खोडली. आता ही नुसती विनंती आहे, आणि माझ्या माघारी ती मानायला लावणारे कोणी नाही.

हे सर्व दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. रतनसिंग माझा लहानपणापासूनचा मित्र. ऐकताना त्याचे डोळे भरले. पेन माझ्या हातात देत म्हणाला, "बराबर केलंस, नामाजी. मुकीची सोय झाली."

त्याच पेनाने एवढे वाढवून खाली सही करतो.

नामाजी ग्यानबा गडदे (सही)

साक्षीदार:
रतनसिंग भाऊसिंग ठाकूर (सही)
दत्तप्रसाद मारोती पोले (सही)

शिरड शहापूर, १२ फेब्रुवारी २००३