लेकराला अर्धी

प्रिय शालू,

अजून तो आवाज माझ्या कानात आहे. आपल्या शाळेत तुझ्या तिसरीच्या आणि माझ्या पाचवीच्या मध्ये नुसता बांबूचा तट्ट्या होता. गुरुजी आम्हाला कविता चालीवर म्हणायला लावायचे आणि तट्ट्यापलीकडून तुझा आवाज यायचा. आमच्यापेक्षा एक शब्द मागून, पण आम्हा सगळ्यांहून मोठा. निम्मे शब्द चुकलेले. नीट ऐकू आलं नाही तिथं तू मनाचाच शब्द घालायचीस आणि पुढं जायचीस. गुरुजी हसायचे, पोरं हसायची आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात फुगायचो, की ही माझी बहीण आहे. राधानगरीच्या त्या ओल्या भिंती, पाट्यांचा वास, दुपारची ती पेंगुळलेली चाल... थांबतो. कवितेत शिरलो की माझा राग पळतो, हे तुला पक्कं ठाऊक आहे. आज मला तो पळू द्यायचा नाही.

शालू, तू काय करून बसलीस, तुला कळलंय का?

फोन लावून लावून माझा अंगठा दुखायला लागला. रिंग वाजते, तू उचलत नाहीस. म्हणून लिहितोय. माझी नात निशिगंधा सुट्टीत तुझ्याकडं आली, तेव्हा तिच्या आईनं, अक्षतानं, तुला परसात बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. मीही तिथंच होतो. ही गोळी, ही कॅप्सूल, सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला, एकही चुकवायची नाही. तू मान डोलावलीस. "व्हय गं बाई, मी काय अडाणी हाय काय?" असं वर तिलाच ऐकवलंस. आणि आम्ही एसटीत बसलो नाही तोवर तू तुझं डोकं चालवलंस! एवढ्याशा जिवाला एवढी औषधं कशाला? लेकराला अर्धी. गोळी विळीवर कापलीस. कॅप्सूल उघडून निम्मी पूड दुधात घातलीस आणि निम्मी तुळशीत झाडलीस. तुळस तरी जगली का गं?

लेकराला अर्धी! आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. तापाची गोळी मोडायची, अर्धी पोराला, अर्धी ठेवायची ताकाच्या गाडग्यामागं. आईनं आपल्याला तसंच वाढवलं, हे मी नाकारत नाही. पण ही तापाची गोळी नव्हती. मी जन्मभर एसटीत कंडक्टर म्हणून अर्धी तिकिटं फाडली, आता तर तुम्हा सगळ्या बायकांनाच अर्धं तिकीट झालंय. पण औषधाला कुठलं आलंय हाफ तिकीट? तिचं वय, तिचं वजन, तिचं रक्त बघून डॉक्टरांनी ते मापून दिलेलं असतं. लहान म्हणून जेवढं कमी करायचं, तेवढं त्यांनीच आधी केलेलं असतं. तू अर्ध्याचं अर्धं केलंस.

डॉक्टरांनी मला एकदा फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं. अक्षताची किडनी निशीला बसवली, पण निशीच्या शरीराच्या लेखी ती कायमची परकीच. आईची असली तरी परकी. आपण दारात पावणं आलं की चहा टाकतो, शरीर मात्र काठी घेऊन उठतं. ती काठी खाली धरून ठेवायचं काम त्या गोळ्या करतात. आज, उद्या, ती म्हातारी होईपर्यंत. "बरी झाली की औषध सुटतं" हे आपलं शहाणपण तिथं चालत नाही. ती बरी आहे ती औषधामुळंच.

तुझ्याकडून आली तेव्हा पोरगी काय खूश होती! गाल उतरले होते. त्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजतो, ओठावर लव येते. वर्गातल्या पोरी तिला "बालूशाही" म्हणतात. तुला वाटलं असेल, बघा, शालूआजीनं कसं रूप आणलं. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढं तिच्या पायांवर सूज आली. लघवी कमी झाली. रक्त तपासलं, तर औषध असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. मग दवाखाना, सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासणी, सलाईनमधून जोराची इंजेक्शनं. माझा कृष्णात, निशीचा बाप, शिरोलीच्या फाउंड्रीत वितळल्या लोखंडाजवळ उभा राहणारा गडी, तो दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. डॉक्टरीणबाई अक्षतावर ओरडल्या, "तुम्ही आई ना? स्वतःची किडनी दिलीत आणि गोळ्या देता येत नाहीत?" तुझ्याकडंच काहीतरी चुकलं असणार, हे अक्षताला तेव्हाच उमगलं होतं. पण तिनं तुझं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. तिच्या कुशीवर ती लांब खूण आहे, तिच्यावर हात ठेवून उभी होती. मला तुझा राग कुठं सर्वांत जास्त आला विचारशील, तर तिथं.

शेवटी निशीनंच सांगितलं, आणि तेही भांडून. "शालूआजी म्हणली, लहान पोरांना अर्धीच असती. तुम्ही उगंच जास्त देता."

किडनीचं थोडं नुकसान झालंय, ते भरून यायचं नाही. राहिलेली वाचवायची आहे. आता ती घरी आहे आणि अख्खी गोळी घेत नाही. दात घट्ट मिटते. काल गालात धरून ठेवली आणि न्हाणीत थुंकली. कृष्णातनं हात उगारला, मी मध्ये पडलो. मी तिला कविता म्हणून दाखवतो, पूर्वी कडवं संपेपर्यंत गोळी पोटात जायची. आता म्हणते, "आजोबा, मी काय बालवाडीत हाय?" डॉक्टरांचं ऐकत नाही, आईचं ऐकत नाही. तिच्या लेखी खरं बोलणारी एकच बाई, तिचे गाल उतरवणारी. म्हणून हे पत्र, शालू. तुला शिव्या घालायला नाही, त्या तर पोटभर घातल्याच. मला तुझी गरज आहे, आणि ती आहे याचाच जास्त संताप येतोय. तू ये. तिच्यासमोर बस आणि त्याच मोठ्या आवाजात सांग, की मी चुकले, गोळी अख्खीच घ्यायची असते. आम्ही सांगून उपयोग नाही, ते तुझ्याच तोंडून

मध्येच उठावं लागलं. दार वाजलं. दारात तुझी सून, मोना. एकटी, भिजलेली, पायात घरातल्या स्लिपर. तुला न सांगता पहिल्या गाडीनं आलीय. उंबऱ्यातूनच म्हणाली, "मामा, निशीचं कळल्यापासनं आत्याबाईंनी बीपीची गोळी सोडलीया. निशी बरी हुईस्तोवर तोंडात घालायची न्हाय म्हणून जोतिबाला नवस बोलल्यात. काल चक्कर येऊन चुलीपुढं पडल्या. माझं ऐकत न्हाईत, तुम्ही सांगा."

अगं बये! तुला पश्चात्तापसुद्धा धड करता येत नाही का?

मी तिथंच ओरडायला लागलो, आणि मागं बघतो तर निशी दाराला धरून उभी. सगळं ऐकलेलं. माझ्याकडं बघत हळूच म्हणाली, "आजोबा, गोळी न्हाय घेतली तर शालूआजीला काय हुईल?"

म्हटलं, ते तिलाच विचार. हे पत्र मोनाच्याच हाती देतोय. वाच, आधी तुझी गोळी घे आणि पोरीला काय सांगायचं ते तूच येऊन सांग. निशी तुझी वाट बघत दारातच बसून आहे.

रागातसुद्धा तुझाच,
आण्णा