या नावाचं इथे कुणी नाही

स्पाइसवूड खोरं, केंटकी
९ सप्टेंबर

माझी मक्याची भाकरी करपली आणि ती तुझ्यापायी करपली. बिडाचा तवा घासून मनगट गेलं. हे आधी ऐकून घे, आशीर्वाद मागाहून.

चि. केंड्रा हिस मॅमॉचा आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी फोन वाजला. आवाज असा की मधात बुडवून काढलेला. म्हणाला, तुमच्या नातीचं नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज माफ होतंय, अभिनंदन, आता तेवढी आगाऊ फी भरा आणि तिची जन्मतारीख सांगा. मी म्हटलं, या नावाचं इथे कुणी नाही. तो म्हणाला, पण आडनाव तर तुमचंच आहे. मग म्हटलं, होती एक, साप चावून गेली. तर मेला म्हणतो, फार वाईट झालं, पण फी कोण भरणार? इतका वेळ भाकरी तव्यावर.

अनोळखी माणूस आपल्या माणसाचं नाव घेत आला की आपण त्या माणसाला ओळखत नसतो, हे तुला दुधाबरोबर पाजलंय. हातभट्टीच्या दिवसांत तुझ्या आजोबाला, पॅपॉला, शोधायला शिपाई आले, तेव्हा माझी सासू त्याच्यावर रजई टाकून वर बसली आणि म्हणाली, असा मुलगा मला झालाच नाही. खालून शिंक ऐकू आली, तर ती रजईच शिंकली, असंही म्हणाली.

तुमच्या दवाखान्याच्या खिडकीशी व्हर्डी बसते, तिलाही हेच म्हणायला सांगून ठेवते. पॅपॉची चुलत बहीण म्हणून आजवर नुसता मुरंबाच खाते, एकदा उपयोगी पडू दे.

शेंगा दोऱ्यात ओवून ओसरीवर टांगल्यात. न्यायला येशील तेव्हा रिकामे डबे परत आण. तुझ्या आईनेही कधी आणले नाहीत, आणि मग तीच आली नाही. जीव जपून राहा.

तुझी मॅमॉ

*

मिल फोर्क
१६ सप्टेंबर

ती. मॅमॉस केंड्राचा सा. नमस्कार.

करपलेल्या भाकरीचं पाप माझ्या माथी. तो माणूस चोरच होता, तू त्याला बरोबर कटवलास. पण मला साप चाववून मारायची काय गरज होती? रविवारी चर्चमध्ये कुणीतरी माझ्यासाठी प्रार्थना करायचं.

माफी मात्र खरी आहे, मॅमॉ, आणि तिला फी पडत नाही. मी शिकायला काढलेलं कर्ज सरकारचं. सरकारी दवाखान्यात दहा वर्षं नोकरी करायची, दर महिन्याचा हप्ता न चुकवता भरायचा, मग उरलेलं माफ. माझी दहा वर्षं या महिनाअखेर भरतात. अर्ज गेला, की कर्जाची कचेरी दवाखान्याला विचारते, ही बाई तुमच्याकडे आहे ना. दवाखाना हो म्हणाला की झालं. दहा वर्षं मी त्या एका ‘हो’साठी या डोंगरांतून गाडी हाकली आहे.

परवा ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलायला गेले. त्याने फीऐवजी कोंबडी दिली, जिवंत. ती परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवर बसली होती. तिचं आता काय करू, ते कळव. माया अशीच राहू दे.

तुझी नात केंड्रा

*

स्पाइसवूड खोरं
२४ सप्टेंबर

चि. केंड्रा हिस आशीर्वाद.

कोंबडीचं काय करू, हे नर्सबाई विचारते! अंडी देत असेल तर ठेव, नाहीतर पातेलं आहे.

आता तुझी माफी. खाणीच्या कंपनीच्या दुकानदाराने माझ्या बापाची निम्मी उधारी एका नाताळला माफ केली होती. आई रडली, पाद्र्याने नाव घेऊन आभार मानले. नवं वर्ष लागलं तसा बापाला पाणी झिरपणाऱ्या बोगद्यात धाडला, जिथे दुसरं कुणी उतरत नव्हतं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तेव्हापासून कुणी काही माफ केलं म्हटलं, की मी आधी बघते त्याचा दुसरा हात कुठे आहे.

सरकारचा दुसरा हात मला अजून दिसला नाही. पण तुझा दिसतोय. पाद्र्याची बायको सांगत होती, तुला लेक्सिंग्टन शहरात भाड्याच्या घराच्या दारात उभी पाहिली. मी म्हटलं, दुसरी कुणी असेल, आमच्या केंड्राला घर आहे. ती हसली. तिचं हसणं तुला ठाऊक आहे, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखं.

दहा वर्षं डोंगरात बांधून ठेवतात आणि अकराव्या वर्षी दावं सोडतात, असंच ना हे? सोडलेलं जनावर कुठे जातं ते मी पाहिलंय. तुझी आई ओहायोला ‘चार महिन्यांसाठी’ गेली होती. तुला माझ्या ओसरीवर ठेवून.

मी काही विचारत नाही. तुला सांगायचं असेल तर सांगशील. मिरच्या यंदा तिखट नाहीत.

मॅमॉ

*

मिल फोर्क
२० ऑक्टोबर

ओर्लेनावहिनीला व्हर्डीचा दंडवत.

अगं, तुझं काम फत्ते केलं! काल दवाखान्यात फोन आला. बाई होती, फार गोड बोलत होती, म्हणजे ठगच. केंड्रा स्टिडम तुमच्याकडे कधीपासून काम करते, असं विचारत होती. मोठी डॉक्टरीणबाई रजेवर, म्हणून खिंड मीच लढवली. म्हटलं, या नावाचं इथे कुणी नाही, कधी नव्हतं. तिने परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, बाई, मी जन्मापासून इथली, मला न विचारता इथे कुत्रंही भुंकत नाही. तेवढ्यात केंड्रा मागून लस मागायला आली, तर मी तिला हातानेच गप्प केलं. बघ, मी नुसता मुरंबाच खाते म्हणतेस.

सफरचंदाच्या मुरंब्याची एक बरणी तुझ्याकडे निघते, विसरू नकोस.

व्हर्डी

*

मिल फोर्क
२८ ऑक्टोबर

ती. मॅमॉस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, पण तू शिकवलंयस म्हणून लिहिते. सा. न.

माझा अर्ज फेटाळून लावला. मी दवाखान्यात कधी नव्हतेच, असं दवाखानाच म्हणाला म्हणे. व्हर्डीआत्याला विचारलं, तर ती छाती फुगवून म्हणाली, ओर्लेनावहिनीनेच सांगितलं होतं. खरा फोन असेल हे तिला कळलं नाही, ते मी समजू शकते. पण तुला तर मी आधीच लिहिलं होतं, की कचेरी दवाखान्याला विचारते. मग तू व्हर्डीआत्याला परत कळवलं का नाहीस?

विचारू का, मॅमॉ? मुद्दाम केलंस का? पाद्र्याच्या बायकोचं ऐकून?

हो, घर मी पाहिलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलने बोलावलंय, पगार दुपटीच्या जवळ आहे. अजून हो म्हटलेलं नाही. पण कर्ज डोक्यावर असताना सरकारी नोकरी सोडली, तर दहा वर्षं पाण्यात. म्हणजे आता मी जाऊच शकत नाही. हेच तुला हवं होतं का? मला रात्री झोप लागत नाही, आणि कर्जापेक्षा या प्रश्नाने लागत नाही.

केंड्रा

*

स्पाइसवूड खोरं
९ नोव्हेंबर

चि. केंड्रा हिस आशीर्वाद, घ्यायचा तर घे.

तुझं पत्र वाचलं आणि शेजारच्या डेल्बर्टला त्याचा ट्रक काढायला लावला. तो वाटभर तंबाखू थुंकत विचारत होता, कुणी मेलं का. मी म्हटलं, मेली होती, तिला जिवंत करायला निघालेय. दवाखान्यात पोचले, तर तू फिरतीवर गेलेली. बरंच झालं. व्हर्डी मला पाहून मुरंबा मागायला लागली. तिला कानाला धरून फोनपाशी बसवली.

त्या कचेरीच्या फोनवर कुणी बोलत नाही, नुसतं संगीत लावून ठेवतात. दफनाच्या वेळी वाजवतात तसलं. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या तेव्हा कुठे एक बाई बोलली. व्हर्डीने सांगितलं, केंड्रा इथेच काम करते. बाई म्हणाली, मागच्या वेळी तर तुम्ही नाही म्हणालात, आता कोणतं खरं धरू? मग फोन मी घेतला. म्हटलं, मी तिची आजी, मी वाढवलीय तिला. तर ती मलाच विचारते, तुम्ही कोण हे मला कसं कळावं? केंड्रा, जन्मभर मी लोकांना हेच विचारत आले, पण मला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिच्या जागी मी असते, तर मीही मला ओळखलं नसतं.

शेवटी तुमची डॉक्टरीणबाई बाहेर आली. तिने फोन घेतला, नाव, हुद्दा, सगळं सांगितलं, आणि लेखी सही त्याच दुपारी पाठवली. व्हर्डीचं म्हणणं चूक होतं, असंही लिहिलं. अर्ज पुन्हा उघडलाय. तुझी दहा वर्षं जिथल्या तिथे आहेत, ती बाई स्वतः म्हणाली. तिचं नाव मी मागून घेतलंय. उलटली तर बघते.

आता तुझा प्रश्न. मुद्दाम केलं नाही. तुझ्या पत्रातला ‘दवाखान्याला विचारतात’ हा भाग माझ्या डोळ्यांपुढून गेला, पण डोक्यात शिरला नाही. डोकं लेक्सिंग्टनला होतं. पण व्हर्डीचं पत्र आलं तेव्हा मी हसले आणि आणखी एक कप कॉफी ओतून घेतली, हेही खरं. तुला कळलेलं बरं.

खिडकीपाशी बाकावर माणसं बसली होती. व्हर्डी मोठ्या डौलात एकेकाला सांगत होती, केंड्रा येईपर्यंत थांबा. एक जण म्हणाला, ती येते म्हणून तर थांबलोय. मला त्याचा राग आला. त्याने तुला धरून ठेवावं आणि मी नाही?

जा नाहीतर राहा. तुझ्या आईला मी जा म्हटलं नव्हतं, तरी ती गेली. तेव्हा माझ्या हो-नाहीला काही किंमत नाही. पण ती गेल्यावर मी तिथल्या नंबरावर फोन लावला होता. कुणीतरी बाईने उचलला आणि म्हणाली, या नावाचं इथे कुणी नाही. मागे तुझ्या आईचा खोकला ऐकू येत होता. मी फोन ठेवला. आमच्याकडचीच शिकवण ती, नावं कुणाला ठेवू?

शेंगा वाळल्या आहेत. डबे आण, न आणलेस तरी ये.

काय ठरलं ते लिही. व्हर्डीने लिहायचं नाही, पाद्र्याच्या बायकोने सांगायचं नाही, फोनवर तर मुळीच नको. तुझ्या हाताने, तुझं पूर्ण नाव खाली घालून, तूच उत्तर द्यायचंस.

मॅमॉ