मनीषाचा चौथा व्हिडिओ

प्रिय शांतवनदादा,

आमच्या नाशिकच्या वसतिगृहातल्या मनीषाच्या मिशन शाळेचा खर्च तू करतोस, याची मला जाण आहे. पण तिने स्तोत्र म्हटल्याचा व्हिडिओ तू तीनदा नापसंत केलास. "करुणा, पोरगी हसत नाही. देणाऱ्याला समाधान नको का?" म्हणालास.

अरे, तिला आई-बाप नाहीत. पेठला आजी होती, तीही आज सकाळी गेली. तरी तुझ्या धाकाने मी म्हटलं, "मनीषा, एकदाच हसून म्हण."

ती म्हणाली, "ताई, आजीला पोचवून आल्यावर म्हणते."

मला माझीच लाज वाटली. फोन पिशवीत टाकला आणि तिला घेऊन पेठची एसटी पकडली.

हे पत्र पाठवणार नाही. तू चिडलास तर तिची शाळा सुटेल. व्हिडिओ का आला नाही विचारलंस, तर रेंज नव्हती, एवढंच सांगेन.

तुझी बहीण,
करुणा