कायद्याच्या लेखी परक्या

प्रिय ठकू,

या नावाने तुला फक्त तुझे बाबा हाक मारायचे आणि तू दर वेळी चिडायचीस. मी कधी मारली नाही, कारण ते नाव तुम्हा बापलेकींचं होतं. आता हाक मारणारा माणूसच गेला. नाव ओस पडू नये म्हणून आज लिहून बघितलं. आवडलं नाही तर सांग, पुन्हा लिहिणार नाही.

फोन का केला नाही, असं वाटेल तुला. फोनवर आपण दोघी 'बरं आहे ना' आणि 'हो, बरंय' याच्या पुढे सरकत नाही. एखादी गप्प झाली की दुसरी घाईने हवेपाण्याचं विचारते. आज जे सांगायचंय ते हवेपाण्यात वाहून जाईल, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

मी ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो प्लंबरने बदलला. तुझे बाबा असते तर त्याला हातही लावू दिला नसता. पूल बांधणारा माणूस नळासाठी दुसऱ्याला बोलावतो का, म्हणाले असते, आणि मग दोन दिवस आपण बादल्यांवर काढले असते! त्यांची खोली अजून आवरलेली नाही. टेबलाशी बसते, खिडकीतून उतरणारा रस्ता दिसतो, आणि समोरचा बेकरीवाला दुकानाच्या फळ्या उचलताना मान हलवून मला नमस्कार करतो. बाबांचं काय झालं ते त्याने विचारलं नाही. न विचारता समजून घेणारी माणसं मला इथे भेटली.

या घरावरून तुमचं दोघांचं बिनसलं, हे मी विसरलेले नाही. तुझी आई ज्या घरात राहिली ते विकून त्यांनी हे परदेशातलं घर घेतलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "मग तिकडेच राहा." आणि ते खरंच राहिले. बाप तसा, लेक तशी. दोघांपैकी कुणी शब्द मागे घेईना. मी मध्ये पडले की दोघंही म्हणायचे, मला नाही कळायचं ते. आजारपणात त्यांनी आपल्याकडच्या वकिलाला बोलावून मृत्युपत्र केलं. घर मला, सगळं मला. तुझं नाव घाला म्हणून मी भांडले. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला नकोय माझं काही." ते रागाने बोलले नव्हते, ठकू. तुला नको असेल याचं त्यांना इतकं भय होतं, की विचारण्याआधीच त्यांनी तुझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं.

ते गेल्यावर इथल्या वकीलबाईंकडे गेले. तुझ्याहून लहान असेल, पण समजावते धीराने. म्हणाली, त्यांचं सगळं आयुष्य इथे होतं, डॉक्टर इथला, बँक इथली, म्हणजे ते इथलेच रहिवासी. आणि मृत्युपत्र कुठेही केलेलं असो, या घराला इथलाच कायदा लागतो. तो कायदा म्हणतो, बापाला लेकीचा वाटा कापता येत नाही. रागावला तरी नाही, कागदावर लिहिलं तरी नाही. मला तिथे खुर्चीतच रडू आलं. तिला वाटलं, घर हातचं जाणार म्हणून रडतेय. ती लगबगीने सांगायला लागली, तुम्हाला जन्मभर राहता येईल, कुणी बाहेर काढणार नाही. तिला कसं सांगू, की त्या हट्टी माणसापेक्षा कायदा शहाणा निघाला म्हणून बरं वाटत होतं!

कराचंही तिने सांगितलं. दोन्हीकडे कळवावं लागेल; एकीकडे भरलेला दुसरीकडे वजा होईल की नाही, ते बघावं लागेल. तुझे बाबा म्हणायचे, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, पण दोन देशांत घर केलं की दोन्ही सरकारं आपल्याकडे जेवायला येतात. तो विनोद मी तिला सांगितला. ती हसली नाही, टिपून घेऊ लागली.

मग परवा तिचा फोन आला. तू तिला कळवलंस म्हणे, की तुला वाटा नको, सगळं काकूंना द्या, सही कुठे करायची तेवढं सांगा. ती खूश होती. प्रकरण किती सोपं झालं म्हणाली. मी विचारलं, आणि माझ्यानंतर? तर माझ्यानंतर हे घर माझ्या भाच्याला, ज्याला ते नकाशावरही दाखवता येणार नाही. तुझ्या नावे लिहून ठेवलं तर? ती म्हणाली, मग निम्म्याहून जास्त करात जाईल, कारण कायद्याच्या लेखी तुम्ही दोघी एकमेकींना परक्या आहात.

परक्या. चुकीचं काही बोलली नाही ती. लहानपणी तुझ्या दातांच्या डॉक्टरांकडे नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "आई का?" आणि तू सांगितलंस, "नाही, या बाबांच्या बायको." मला वाईट वाटलं नव्हतं. तू खोटं बोलत नाहीस, हे मला तेव्हापासून आवडतं. आता तू स्वतः लोकांचे दात घडवतेस, आणि त्यातही खोटेपणा दिसू देत नाहीस म्हणतात! पण माझ्या ऑपरेशनच्या वेळचं आठवतं? बाबा पुलाच्या कामावर अडकलेले. नर्सने तुला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मला गुंगीतही ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "मी यांची..." आणि थांबलीस. नर्स पेन धरून उभी. मग तू म्हणालीस, "मी यांची आहे. काय आणायचं ते सांगा." त्यानंतर कुणी तुला काही विचारलं नाही.

बाबा गेले तेव्हा तू आलीस, चार दिवस राहिलीस, न बोलता न्हाणीघर घासून लख्ख केलंस. निघताना दारात माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावलंस. तेव्हाच विचारायचं होतं. धीर झाला नाही.

तेव्हा एक, ती सही करू नकोस. बापाचा वाटा घे. तो त्यांनी दिलेला नाही, तुझा आहेच, म्हणून त्यांचे उपकारही मानायला नकोत. आणि दुसरं, ज्याच्यासाठी हे पत्र. इथे मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. तुझ्या आईचं नाव कुठेही पुसलं जात नाही. ते मी वकीलबाईंना दोनदा विचारून घेतलं. न्यायाधीश तुला एकटीला बोलावून विचारतील, हे फक्त कर वाचवायला चाललंय का, की खरंच नातं आहे. मी त्या खोलीत नसेन, तेव्हा माझं मन राखायची गरज नाही. तिथे 'नाही' म्हणावंसं वाटणार असेल तर आत्ताच सांग. वाटा तरीही घे, आणि माझ्याकडे येत राहा, तेवढं पुरे. पण 'हो' म्हणता आलं, तर मला लेक होईल. कर वाचेल म्हणून विचारतेय असं लोक म्हणतील, म्हणू देत. एवढी वर्षं हे विचारायला मला काही निमित्तच सापडत नव्हतं.

तुझीच,
काकू