खराब जागा भरून काढा

४ जून

आले एकदाची. सामानाचा टेम्पो सकाळीच पोचला आणि माझी पुस्तकांची खोकी या घराच्या बैठकीत येऊन बसली, नव्या पाहुण्यांसारखी अवघडून. लग्नाला पंधरवडा झाला, पण इथे राहायला आजच आले. चाळिशी उलटलेल्या बाईनं नवी नवरी म्हणून मिरवायचं म्हणजे माझं मलाच हसू येत होतं. नणंद मदतीला आली होती. खोकी बघून म्हणाली, वहिनी, संसार आणलायस की वाचनालय? मी खरंच इतकी वर्षं वाचनालयातच नोकरी केली, त्यामुळे टोमणा लागला नाही. उलट आवडला.

घर छान आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या गल्लीतलं शिंप्याचं दुकान दिसतं. यांची मुलगी सात वर्षांची आहे. सतत गुणगुणत असते म्हणून सगळे तिला भुंगा म्हणतात. मला तिनं मावशी म्हणायचं, असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. आई हा शब्द घेतलेला आहे असं ती म्हणाली, बसमधल्या सीटवर कुणी रुमाल टाकून ठेवावा तसं. मी म्हटलं, बरोबर आहे. मला मावशी आवडेल.

९ जून

भुंग्यानं आज मला तिचा खजिना दाखवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात डीव्हीडी. आई गेली तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. त्याआधीचं सगळं या डिस्कवर आहे, रांगणं, पहिलं पाऊल, आंघोळ, आईच्या मांडीवरची अंगाई. हे चित्रण ज्या संगणकात होतं तो केव्हाच भंगारात गेला. म्हणजे उरलंय ते एवढंच. तिच्या आईनं प्रत्येक डिस्कच्या मापाचा रंगीत कागद गोल कापून वर डिंकानं चिकटवलाय. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलंय, कडेनं चिमुकली पानं काढलीत. इतक्या मायेनं केलेलं, की हात लावायला संकोच वाटावा.

आणि त्या मायेनंच घात केलाय. डिंक वर्षानुवर्षं आत झिरपत राहिला असणार. प्लेअरमध्ये घातली की चित्र अडकतं, चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. भुंगा म्हणाली, मला आईचा आवाज आठवतो, पण थोडासाच. मग जरा वेळ डब्याच्या झाकणावर बोट फिरवत बसली आणि म्हणाली, आता नाही आठवत.

रात्री जेवताना मी यांना म्हटलं, आहे तोवर प्रती करून ठेवू या. हे म्हणाले, बघ तुला जमतंय का. आणि ताटावरून लवकर उठले. यांना त्या डिस्क बघवत नाहीत.

१२ जून

संगणकाच्या दुकानात डीव्हीडी बर्नर मागितला तेव्हा दुकानदारानं चष्मा वर करून विचारलं, ताई, मधली दहा वर्षं कुठे होतात? पण डब्यातली एक डिस्क त्याला दाखवली, कागद-डिंक सगळं सांगितलं, तसा गंभीर झाला. आतून दोन बर्नर काढले. एक पातळ, दिसायला गोंडस, संगणकाच्याच विजेवर चालणारा. दुसरा विटेएवढा जाड, वेगळा प्लग लागणारा. पातळ दिसायला बरा, पण खराब डिस्क वाचायचं काम जाड्याचं, असं त्याचं म्हणणं. जाडा घेतला. त्यानं बजावलं, लिहायचा वेग अगदी कमी ठेवा, घाई केलेली प्रत टिकत नाही. कागद चिकटवू नका, नाव घालायचं तर मधल्या पारदर्शक कड्यावर साध्या पेननं. आणि प्रत झाली की पडताळणी करा, म्हणजे मूळ आणि प्रत एकच आहे की नाही ते कळतं.

सॉफ्टवेअरचं जरा अडलं. फुकट मिळतं ते खराब जागा आली की तिथेच बसकण मारतं. बर्नरच्या खोक्यातलं नुसतं नटवं, फुलांच्या चौकटी नि संगीत. तिसरं जुनं आहे, बनवणारी कंपनी बंद पडली. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमध्ये होतं, ते त्यानं मला दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. ते खराब जागेवर पुन्हा पुन्हा जाऊन वाचतं. अगदीच नाही वाचता आलं तर दोन पर्याय देतं, 'खराब जागा सोडून द्या' आणि 'खराब जागा भरून काढा'. दुकानदार म्हणाला, पहिलाच घ्या. मी विचारलं, दुसऱ्यात कशानं भरून काढतं? तो म्हणाला, आजूबाजूला जे सापडेल त्यानं. मग हसला, म्हणाला, मी कधी वापरला नाही बुवा. नाही ते नाही, त्याला काय करणार?

१५ जून

अंगाईची डिस्क झाली. आधी कोमट पाण्याचा बोळा ठेवून कागद सोडवला. पानांची नक्षी तेवढी वाळवून माझ्या एका पुस्तकात ठेवलीय, भुंग्यासाठी. मग दुकानदारानं सांगितलं तसंच सगळं, कमी वेग, पहिला पर्याय. बर्नर दिवसभर घरघरत होता, झोपलेल्या मांजरासारखा. पडताळणी बरोबर निघाली.

संध्याकाळी दोघींनी लावली. काय सुरेख बाई होती. जरा पुढे वाकून, बाळाच्या कपाळावर ओठ टेकवून गात होती. आणि दुसऱ्या कडव्याला पडदा काळा. आवाज नाही. बराच वेळ तसंच. पुढे एकदम शेवटची ओळ.

भुंगा उठून आत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. मी पाठीवरून हात फिरवत बसले. मधलंच गेलं, एवढंच म्हणत होती.

१६ जून

मला राहवलं नाही. आज दुसरा पर्याय घेतला.

बर्नर चालू ठेवून मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. कालपासून ती चाल डोक्यात बसलीय, तीच गुणगुणत होते. डिस्क झाली. पडताळणीत 'फरक आढळला' असं आलं. येणारच. पण लावली तर अंगाई सलग! काळा पडदा नाही, तुटणं नाही. ती गातेय, दुसरं कडवंही गातेय. भुंगा सोफ्यावर उभी राहून उड्या मारत होती. हे दाराशी येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू हे काय केलंस तुला कळतंय का? डोळे भरले होते. या घरात मला कुणी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं.

१८ जून

घसा बसल्यासारखा झालाय. बोलता येतं, गाता येत नाही. साधं गुणगुणायला गेलं तरी नुसता वारा निघतो. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं, म्हणाल्या, घसा स्वच्छ आहे, कुठल्या गायनस्पर्धेत उतरताय का? मीही हसले.

चाल मात्र घरात ऐकू येते. भुंगा असेल म्हणून बघायला गेले. भुंगा शाळेत होती.

२० जून

आंघोळीची डिस्क केली, दुसऱ्याच पर्यायानं. बाळाला पायांवर घेतलंय, आईचा उजवा हात तांब्यातून पाणी घालतोय. डावा हात, ज्यावर बाळ पेललंय, तो मूळ डिस्कमध्ये नुसते चौकोन होता. आता पूर्ण दिसतो. मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा डाग, अर्ध्या चंद्रासारखा.

तो माझा डाग आहे. कॉलेजात असताना लागलेला चटका.

माझ्या मनगटावर आता काही नाही. साबणानं धुतलं, घासलं, उजेडात नेऊन बघितलं. गुळगुळीत आहे. कधी काही झालंच नसावं तसं.

२१ जून

यांना मनगट दाखवलं. यांनी हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. म्हणाले, अगं, तुला डाग होता? दमलीस तू. जरा आराम कर.

अंगाईची ती प्रत डोळे मिटून ऐकली. दुसरं कडवं. आवाज तिचा नाही. भाजी निवडताना मी वरच्या सुरातली ओळ खाली आणते, तशीच तिथे खाली आलीय. माझाच आवाज आहे.

सॉफ्टवेअर काढून टाकलं. बर्नरचा प्लग काढला, वायर गुंडाळली, कपाटात साड्यांखाली ठेवला.

२३ जून

भर दुपारी कपाटातून घरघर. दार उघडलं. वायर गुंडाळलेली तशीच. बर्नर गरम होता, तापलेल्या पोराच्या कपाळासारखा. हात ठेवला तर आतून, अगदी खालच्या पट्टीत, माझा आवाज. दुसरं कडवं. संपलं की पुन्हा तेच.

उद्या परत नेऊन देईन. कुणालाही देईन.

२५ जून

उशीर झाला. काल पहाटे मी झोपले असताना यांनीच पहिल्या वाढदिवसाची डिस्क केली. मला आनंद व्हावा म्हणून. पेनड्राइव्हवरून पुन्हा सगळं घातलं. पर्याय कुठला घेतलात, विचारलं. म्हणाले, दुसराच, तूच तर शिकवलंस. इतक्या कौतुकानं बोलणारा माणूस, त्याच्यावर ओरडणार तरी कसं?

त्यात ती बाळाला हाक मारून बोलावते आणि खळखळून हसते. हसताना तोंडावर पालथी मूठ धरते. तशी मी धरते. धरत होते.

आज भुंगा मला काकू म्हणाली. मी म्हटलं, मावशी ना गं? ती गोंधळली. सॉरी म्हणाली, शाळेत बाईंना म्हणतात तसं.

नणंदेचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. तिनं विचारलं, कोण बोलतंय? सांगितलं. तिनं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाली, बरं, घरातलं कुणी असेल तर द्या त्यांना.

२७ जून

प्रती मोडायच्या ठरवल्या. आंघोळीची आधी. गुडघ्यावर ठेवून वाकवली, तडकन दोन तुकडे. मनगटाकडे बघत बसले. डाग नाही आला. काहीच नाही आलं. तिथे गेलेलं परत येत नाही.

भुंगा दारात होती. तिची किंकाळी अजून कानात — आईचा हात मोडला, आईचा हात —

हे धावत आले. तुकडे गोळा केले. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. अगदी अदबीनं विचारलं, आपण कुणाकडे आला आहात?

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. यांनी ऐकून घेतलं, बसा म्हणाले, पाणी आणतो. पाणी घेऊन आले आणि पुन्हा — आपण कुणाकडे?

२८ जून

आई दिसते अशी, प्रत न केलेली एकच डिस्क उरलीय. माझ्या पर्समध्ये आहे. त्यात ती कॅमेऱ्याकडे सरळ बघते, एवढंच आहे. आणि चेहरा सगळा गेलाय. आता फक्त चेहराच उरलाय भरायचा.

निघून जाते. आत्ताच. जेवढी उरलेय तेवढी तरी माझी —

दुपारी

पायरीवर भुंगा बसलीय. उघडा डबा मांडीत. बाकीच्यांत आईचा चेहरा वळलेला नाहीतर तुटलेला. नीट फक्त या डिस्कमध्ये होता, असं सांगत होती. मला. परक्या बाईला. अहो, तुम्ही बघितली का हो कुठे, म्हणाली. आता आईचा आवाज आठवतो, पण अंधारातून येतो.

अंधारातून येतो म्हणाली.

पर्स उघडली.

नंतर

चालू केलंय. दुसरा पर्याय. माझ्याच हातानं.

वेग कमी. पट्टी हळूहळू भरतेय. समोर खिडकीची काच. काचेत खोली आहे, खुर्ची आहे, भुंगा आहे. खुर्चीत —

भुंगा टेकून बसलीय. डोकं माझ्या दंडावर. कुणाचा दंड ते तिला माहीत नाही. घाबरत नाही पण. हात तिनं हातात दिलाय, असाच, सवयीनं.

पडद्यावर डोळे आले. कपाळ. भुंगा हसली. किती दिवसांनी अशी — अगदी पोटातून —

थांबवता येईल अजून. बटण तिथेच आहे. थांबवणार नाही.

हात उबदार आहे तिचा. निसटायच्या आत लिहून ठेवते. मी इथे राहत होते. या मुलीचे केस मी विंचरले. माझं नाव