सोडून दिलेला हक्क

हॅन्कॉक
मंगळवार सकाळ

प्रिय वेस,

तुझी मेल रविवारी आली आणि आज मंगळवार. चाळीस वर्षं मुलांना 'वेळेवर जमा करा' म्हणून दटावणारी बाई स्वतःच दोन दिवस चालढकल करतेय, हे तुझ्या वर्गातल्यांना कळलं तर ते पार्टी करतील. त्यातून हे उत्तर कागदावर. मेल लिहून पाहिली. तीनदा लिहिली, तीनदा पुसली. शाईनं लिहिलेलं पुसता येत नाही, म्हणून वहीची पानं फाडून स्वयंपाकघरात बसलेय. कॉफी गार झालीय, समोर वेलचीच्या निसू पावाचा तुकडा तसाच पडलाय, आणि खरं सांगायचं तर तुला एक गोष्ट कबूल करायचीय. ती हळूहळू सांगते. एका दमात सांगायचं धैर्य असतं तर फोनच केला असता.

आधी तुझा प्रश्न. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तुला कळवायचंय, शिकागोचं एका वर्षाचं मास्टर्स की इथले, आमच्या कॉलेजातले, दोन वर्षांचे संध्याकाळचे वर्ग. तू दोन्हींचा तक्ता करून पाठवलास, हिरव्या-लाल रंगांत. प्रयोगाच्या वहीतही तू असाच होतास. शिकागोला मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, त्यांचेच पेपर द्यायचे, आणि वर्षअखेर वर्गाच्या वरच्या अर्ध्यात राहिलास तर तेच कॉलेज तुला मुलाखतीला बोलावणार. घसरलास तर मात्र 'याला मेडिकल झेपत नाही' असं मेडिकल कॉलेजनंच लिहून दिल्यासारखं होणार, आणि मग दुसरं कुठलंही दार उघडायचं नाही. शिवाय तिथले गुण तुझ्या जुन्या गुणांत मिसळत नाहीत, वेगळ्या ओळीत बसतात. सेंद्रिय रसायनातला तुझा तो सी ग्रेड आहे तिथेच राहणार. इथल्या वर्गांचे गुण जुन्यांत मिसळतात, सरासरी थेंबाथेंबानं वर सरकते, आणि अँब्युलन्सची नोकरीही सुटत नाही. दोन वर्षं मी तुला हेच सांगत आलेय. हळू जा, जपून जा, इथेच राहा.

आणि शेवटी तू लिहिलंस, "प्रोफेसर, मला आता काही सुचत नाही. तुम्ही म्हणाल ते करतो. शिफारसपत्र मागचंच जोडा, ते चांगलंच असणार." ते वाचून माझी पाचावर धारण बसली.

तुझी भीती मला कळते. नाताळात तू इथे मांस-बटाटा भरलेल्या गरम पास्ट्या घेऊन आला होतास तेव्हा म्हणालास की कॉलेजांची उत्तरं तू एक डोळा मिटून उघडतोस. पहिल्या वर्षी सतरा कॉलेजं, दुसऱ्या वर्षी पुन्हा सतरा, आणि मुलाखतीचं बोलावणं एकाचंही नाही. तुझे वडील बर्फ काढायच्या गाडीवरून उतरले, टोपी झटकली आणि मला म्हणाले, "एका माणसाला किती वेळा नाही म्हणायचं, याला काही कायदा आहे का हो?" आपण तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसले. तुझ्या वडिलांच्या, रसेल ट्रेगेअरच्या, नजरेला नजर देणं मी तेव्हापासून टाळतेय, त्यांच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

आता केल्सीबद्दल सांगते. केल्सी हॉलबर्ग. तू तिचं नाव ऐकलेलं नाहीस, कारण मी ते कुणापाशी काढत नाही. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात होती, आणि इतकी हुशार मुलगी माझ्या हाताखालून दुसरी गेली नाही. प्रत्येक परीक्षेच्या सकाळी ती उलट्या करायची. मला माहीत होतं. प्रयोगशाळेशेजारचं बाथरूम मला ऐकू यायचं. तरी तिच्या शिफारसपत्रात मी एकही डाग ठेवला नाही, नुसती स्तुती. तिला पहिल्या झटक्यात मेडिकलला घेतलं. दुसऱ्या हिवाळ्यात, परीक्षेच्या सकाळी, ती गाडी घेऊन निघाली आणि मॅकिनॉच्या पुलाअलीकडे पार्किंगमध्ये दोन दिवस इंजिन चालू-बंद करत बसून राहिली. पोलिसांना सापडली तेव्हा थंडीनं पायाची बोटं काळीनिळी झाली होती. जीव वाचला. महिन्याभरानं तिची आई माझ्या ऑफिसात आली. बसलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून शिफारसपत्र लिहायला बसले की माझा हात आखडतो. मी स्वतःला सांगत आले की हा प्रामाणिकपणा आहे. तो प्रामाणिकपणा नव्हता वेस, ती भीती होती, आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

तुझा तो मार्चमधला गुरुवार आठवतो? हातात ब्युरेट होती, आकडा वाचायचा होता, आणि तुला आकडाच दिसेना. हात असे थरथरत होते की काच स्टँडवर वाजत होती. तू रसायनांच्या खोलीत गेलास आणि जमिनीवर बसलास. मी दार लोटून तुझ्या शेजारी बसले, चाळीस मिनिटं. माझे गुडघे नंतर आठवडाभर बोलत होते. तू मला सांगितलंस की आईनं डायालिसिस थांबवायचं ठरवलंय आणि घरात अजून कुणाला माहीत नाही. "तुम्ही कुणाला सांगू नका," म्हणालास. मी शब्द दिला. मे महिन्यात तुझी आई, माझी नोरीन, गेली. तुझा सी ग्रेड त्याच सत्रातला. नोरीनला सौनाच्या वाफेत माझ्या शेजारी बसून गावभरच्या नकला करताना मी वीस वर्षं पाहिलं होतं, आणि तरी त्या सत्रात तुला ग्रेड देताना मी रेघभरही सैल झाले नाही. तेही योग्यच केलं असं वाटायचं.

गेल्या नोव्हेंबरात तू सहज म्हणून सांगितलेली गोष्ट मी विसरलेले नाही. टोवोला गावी लाकडाच्या गिरणीत एका माणसाची मांडी करवतीनं फाटली होती, बर्फात रस्ता दिसत नव्हता, आणि इस्पितळ पन्नास मिनिटांवर होतं. तू पूर्ण रस्ता दोन्ही हातांनी शीर दाबून धरलीस, त्याला शुद्धीवर ठेवायला मासेमारीच्या थापा मारत राहिलास, आणि पोहोचल्यावर बोटं उघडेनात म्हणून नर्सनं ती एकेक करून सोडवली. तू त्या थापांवरच जास्त बोललास. मी मात्र तुझ्या हातांकडे बघत होते. कप धरलेले, अगदी स्थिर हात. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी तुला आणखी कॉफी हवी का विचारलं.

काल मी केल्सीला फोन केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती विस्कॉन्सिनमध्ये जनावरांच्या दवाखान्यात तपासण्या करते, मागे दोन कुत्री भुंकत होती, आवाज ठणठणीत. मी माफी मागितली. तिनं कुत्र्यांना दटावलं, मग म्हणाली, "प्रोफेसर, तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंत, आईनं माझ्याबद्दल तुम्हाला जाब विचारला. मला कुणीच काही विचारलं नाही." तिनं फोन आपटला नाही. नाताळात कार्ड पाठवा म्हणाली. पण त्या वाक्यानं मला सोडलं नाही, आणि आज हे लिहितेय ते त्याच वाक्यामुळे.

तर आता एका चौकटीबद्दल. अर्जात एक बारीकशी ओळ असते, 'हे शिफारसपत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडून देत आहे,' आणि पुढे चौकट. सगळी मुलं तिथे खूण करतात. केली नाही तर समितीला वाटतं, याचा आपल्या शिक्षकांवर भरवसा नाही. मीच दरवर्षी वर्गात उभी राहून सांगते, खूण करा, डोळे मिटून करा. तूही केलीस, दोन्ही वर्षं. दुसऱ्या वर्षी तू मला विचारलं होतंस, पत्रात काही बदलायचंय का. मी म्हटलं, नको, ठीक आहे. ते ठीक नव्हतं. दोन पानं तुझी स्तुती आहे, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि शेवटून दुसरं वाक्य असं आहे: 'पण दडपण आलं की त्याचे हात थरथरतात, आणि जवळ कुणी लक्ष ठेवणारं असेल तरच तो उत्तम काम करतो.' त्या एका दिवसावरून लिहिलं मी हे. तुला दिलेला शब्द पाळायचा म्हणून तुझ्या आईचं कारण गाळलं आणि हातांचं थरथरणं तेवढं ठेवलं. हजारो पत्रं वाचणारी माणसं स्तुती वाचतच नाहीत वेस. ती 'पण' शोधतात. मला हे ठाऊक होतं, मी स्वतः अशा समितीवर बसलेय. ऑक्टोबरात एका परिषदेत, तुझा अर्ज वाचलेल्यांपैकी एक जण जेवणाच्या रांगेत मला म्हणाला, "तुमचा तो मुलगा गुणांनी बरा होता. आम्ही तुमच्या त्या वाक्याशी थांबलो." एका कॉलेजचं झालं हे. बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही, पण सगळ्यांनी वाचलं तेच पत्र. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मी हे पोटात घेऊन फिरतेय, आणि तू तिकडे तुझ्या सी ग्रेडला दोष देत हिरवे-लाल तक्ते करतोयस.

पाकिटात दुसरा कागद आहे, तो माझ्या त्या पत्राची प्रत. तू हक्क सोडला होतास, मी तो परत देतेय. दोन्ही अभ्यासक्रम तुझे गुण सुधारण्यासाठी आहेत, आणि तू गुणांमुळे मागे राहिलास हे मी तुला मानू दिलं. शिकागोला गेलास तर हे माहीत असून जा. इथे थांबलास तर मी थांब म्हटलं म्हणून थांबू नकोस. दोन्ही सोडून जूनमध्ये वेगळ्या पत्रांनिशी पुन्हा अर्ज करावासा वाटला तर तुझा अँब्युलन्सचा वरिष्ठ माझ्यापेक्षा शंभरपट खरं लिहील. तू विचारलंस काय करू, आणि मी सांगणार नाही, कारण तुझ्याबाबतीत माझं प्रत्येक मत भीतीनं दिलेलं होतं. आताही भीती आहेच. तू शिकागोत मोडशील याची नाही, तुझे हात मी पाहिलेत. हे वाचून तू या घराकडे पाठ फिरवशील, याची आहे. काल रात्री पुन्हा बर्फ पडलंय. दर बर्फानंतर तू साफ करतोस त्या पायऱ्या मी सकाळीच साफ करून मीठ टाकलंय आणि शुक्रवारपर्यंत रोज करीन. तेव्हा फावडं घेऊन येऊ नकोस, इथे तुझं काही काम उरलेलं नाही. तरीही आलास, तर काय म्हणायचंय ते म्हण, मी ऐकून घेईन.

तुझीच,
आयली निएमेला